मनगटावर जेवण, जावई कुरकुंभला

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "पट्टा परवडतो का?" पाण्यातल्या घसरगुंड्या कशा होत्या, लाटांचा तलाव केवढा होता, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या वहिनींनी तर दारात उभ्या राहूनच विचारलं, घरात यायचीही वाट पाहिली नाही. दर वेळी हातातलं काम टाकून तीच कथा सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दौंड तालुक्यात सोलापूर हायवेला लागून एक मोठं वॉटर पार्क झालंय. तिथं तिकिटाबरोबरच दिवसभराच्या खाण्याचे पैसे आधी भरता येतात. भरले की मनगटाला एक निळा पट्टा बांधतात. नाष्टा असो, जेवण असो, संध्याकाळचा चहा असो, पट्टा मशिनसमोर धरायचा, 'टिंग' वाजलं की ताट उचलायचं. आत बाहेरचं खाणं न्यायला बंदी, त्यामुळे पट्टा नसेल तर तिथल्या भावानं वडापाव घ्यावा लागतो, आणि तो भाव ऐकून भूकच मरते.

आता मी हे सगळं एवढ्या अधिकारानं का सांगतेय, तर रांजणगाव एमआयडीसीत माझी मेस आहे. कंपनीतली पोरं महिन्याचे पैसे आधी भरतात आणि दोन वेळ जेवतात. म्हणजे हा पट्ट्याचाच धंदा, फक्त माझ्याकडे टिंग वाजत नाही, मीच ओरडते. इतक्या वर्षांत मला एक कळलंय. आगाऊ पैसे भरलेला माणूस दोनच प्रकारचा असतो. एक येतच नाही आणि दुसरा उठतच नाही. पहिल्याच्या जिवावर दुसरा जेवतो आणि दोघांच्या जिवावर मेसवाली.

आमच्या प्रवासात हे दोन्ही नमुने होते. एक माझा जावई आणि दुसरे आमचे आबा.

रांजणगाव

या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण घालायलाच हवं. पुरण भरलेले धोंडे करायचे, त्यांतले तेहतीस वाण म्हणून द्यायचे, जावयाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. पण अमोलराव कुरकुंभला केमिकल कंपनीत. त्यांच्या शिफ्टा अशा फिरतात की सुट्टी कधी येते आणि कधी जाते, माझ्या लेकीलाही कळत नाही. अख्ख्या महिन्यात जमेल असा एकच दिवस निघाला. तो हुकला की पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. रोज शिफ्टच्या पोरांच्या पंगती उठवणाऱ्या बाईनं स्वतःच्या जावयाला पहिल्याच धोंड्याला उपाशी पाठवलं, हे वाक्य विहीणबाईंच्या तोंडून कसं येईल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

तर मी तयारीला लागले आणि आमच्या ऋतूनं, म्हणजे लेकीनं, फोन करून सांगितलं, "आई, घरी काही करायचं नाही. मी पार्कचं बुकिंग केलंय, पाच पट्टे घेतलेत."

"पार्कमध्ये कुठं धोंड्याचं जेवण असतं का गं?"

"तू घरी केलंस की तू गॅसपाशी आन् आम्ही पाटावर. माझ्या लग्नातसुद्धा तू बसून जेवली न्हाईस, आचाऱ्याशी भांडत होतीस. मला एकदा तुला पंगतीत बसलेली बघायचीय."

यावर काय बोलणार? आचारी भाताला मीठ विसरला होता, भांडायलाच हवं होतं. पण फोन स्पीकरवर होता, तेवढ्यात आमचे हे, म्हणजे ऋतूचे वडील, मध्येच म्हणाले, "तिथं वाढायला कोण असतंय?"

"कोण न्हाई. ज्यानं त्यानं घ्यायचं," ऋतू म्हणाली.

"म्हंजी जावयानं हातात ताट घेऊन लायनीत उभं ऱ्हायचं?"

शेवटी असं ठरलं की ताट मी वाढून आणायचं, जावयानं बसून राहायचं. तेवढ्यापुरतं पार्कला आमच्या घरचा नियम. वाणाचे धोंडे मात्र मी घरूनच उकडून घेतले. ते काही पट्ट्यावर मिळणार नव्हते.

चौफुला

सकाळी आमच्या भाजीच्या पिकअपमधून निघालो. मागं ताडपत्री बांधून बैठक केली होती, पण कांद्याचा वास काही गेला नव्हता. शिरूरवरून आबांना घेतलं. आबा म्हणजे ह्यांचे चुलते. घरात वडीलधारं आता तेच, म्हणून त्यांना न्यायचं होतं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, "काल संध्याकाळपास्नं पोटात काय घातलं न्हाई. पैसं भरल्यात, वसूल झालं पायजेत."

भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो की रस्त्याकडेला गुऱ्हाळं लागतात. एका ठिकाणी थांबून मी गुळाची ढेप घेतली. गुऱ्हाळवाल्यानं गरम गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. आबांनी तो वासापुरता नाकाशी धरला आणि परत दिला. जागा राखून ठेवली होती.

चौफुल्याला चहाला उतरलो. समोर कढईतून भजी निघत होती. ह्यांनी एक भजं उचललं, तोंडाजवळ नेलं आणि आबा कडाडले, "ठेव ते! आज जावयाचा मान हाय. त्याच्या आधी कुणी तोंड उष्टं करायचं न्हाई. चहा चालंल, चहा पाणीच हाय."

"आबा, ते नाष्ट्यालाच येणारेत," ऋतू म्हणाली. ती आदल्या दिवशीच आमच्याकडे आली होती. अमोलराव रात्रपाळी संपवून कुरकुंभहून परस्पर पार्कला येणार होते. "अर्ध्या तासाचा प्रश्न हाय."

"मग अर्धा तास थांब की. आम्ही चुलत्याच्या लग्नात नवरदेव येईस्तोवर दिवसभर थांबलेलो."

हे बोलणं टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. चार माणसांत बोललेला शब्द आबा कधी मागं घेत नाहीत. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या भज्यात आहे.

गेट

गेटवर पिशव्या तपासतात. रखवालदार उत्तरेकडचा, मिशीवाला, कामाला चोख. त्यानं धोंड्यांचा डबा उघडला, आत पाहिलं आणि हात आडवा केला. "बाहर का खाना अंदर नहीं जाएगा."

आबा पुढं झाले. "ये खाना नाय हय. ये दान हय."

"दान? किसको?"

"जमाई को."

"जमाई क्या करेगा इसका?"

आबांनी डब्याकडे पाहिलं. "खायेगा."

"तो खाना है," रखवालदार म्हणाला, आणि तोही चुकीचं काही बोलत नव्हता.

मग मी पुढं झाले. अधिक महिना, तेहतीसचं वाण, सासूचा मान, सगळं माझ्या मेसच्या हिंदीत समजावलं. बिहार-यूपीची पोरं माझ्याकडे जेवतात, त्यामुळे हिंदी बरी आहे, पण ती डाळ आणि चपातीपुरतीच. 'वाण'ला मी 'सामान' म्हटलं. तो म्हणाला, "सामान है तो लॉकर में रखिए." असे माझे तेहतीस धोंडे, नारळ आणि तांब्याचं तामण लॉकरमध्ये गेलं. वरच्या कप्प्यात वाण, खालच्या कप्प्यात सगळ्यांच्या चपला. देवा, मला माफ कर.

पट्टे बांधले. अमोलरावांचा पट्टा ऋतूनं भांडून सुटा घेतला आणि माझ्या ब्लाउजच्या आत पाकिटात ठेवला. तेवढ्यात ऋतूचा फोन वाजला. कंपनीच्या गेटवरून कोणीतरी निरोप देत होतं. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून निरोपच. सकाळच्या पाळीचा माणूस आला नाही, तो येईपर्यंत किंवा दुसरा मिळेपर्यंत अमोलरावांना जागा सोडता येत नाही.

केमिकल कंपनीत असंच असतं. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय आधीच्यानं हलायचं नाही. माझ्याकडची पोरंही कधी कधी दोन-दोन पाळ्या ओढून येतात, डोळे तांबडे घेऊन. मला राग कोणाचा करावा तेच कळेना. न आलेल्या माणसाचा करावा, तर त्याच्याही घरी काही असेल.

आत नाष्ट्याची वेळ सुरू होती. पोह्यांचा वास गेटपर्यंत येत होता. आम्ही आबांकडे पाहिलं. आबांनी दुसरीकडे पाहिलं. नाष्टा बुडाला.

पाणी

भूक विसरायला पाण्यात गेलो. तिथं धोतर चालत नाही, नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यावे लागतात. आबांच्या मापाची एकच चड्डी शिल्लक होती, तिच्यावर पोपट होते. आबा गावच्या सोसायटीत कधीकाळी चेअरमन होते. त्या पोपटांसह ते बाहेर आले तेव्हा ह्यांनी तोंडात टॉवेल कोंबला.

तिथं एक संथ वाहणारी नदी केलीय. रबरी टायरात बसायचं आणि ती तुम्हाला फिरवते. आपली भीमा एवढी जवळ असताना सिमेंटची नदी कशाला, असं मला आधी वाटलं, पण बसल्यावर बरं वाटलं. इथं कोणी 'वहिनी, रस्सा' म्हणून हाक मारत नव्हतं. आबांना एकच धास्ती, पट्टा भिजला तर टिंग वाजणार नाही. म्हणून ते पूर्ण फेरी एक हात आकाशाकडे धरून बसले होते. समोरून येणाऱ्या टायरातले लोकही हात वर करून त्यांना नमस्कार करायला लागले. तिसऱ्या फेरीला तर एकानं घोषणाच दिली. आबांना वाटलं, ओळखीचा आहे.

ह्यांनी मोठ्या घसरगुंडीवर जाऊन परत येताना एवढंच सांगितलं, "पोटात काही नसलं की लई हलकं वाटतंय, पण वर गेल्यावर कशाला आलो तेच आठवंना."

फोन पुन्हा आला. आता अमोलराव तीनला सुटणार होते. दुसरा माणूस मिळालाच नव्हता. आणि जेवणघराच्या दारावर पाटी होती, जेवण अडीचपर्यंतच.

जेवणघर

जेवणघराच्या काउंटरवर कोमल नावाची मुलगी होती, दौंडचीच. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, अडीचनंतर मशिनच बंद होतंय. माझ्या हातात न्हाई."

मला या वाक्याचा फार राग आला, कारण ते मीच रोज बोलते. फक्त माझ्याकडे मशिन नाही, मी 'गॅस बंद केला' म्हणते. आणि मी ते किती तोऱ्यात म्हणते, हे मला काउंटरच्या या बाजूला उभं राहिल्यावर कळलं.

"मग अडीचच्या आत ताटं घेऊन ठेवली तर?" ऋतूनं विचारलं.

कोमलनं विचार केला. "घ्या की. ताट घेतल्यावर कवा खायचं ते न्हाई लिहिलेलं. पण ताट हॉलच्या बाहेर न्यायचं न्हाई."

असं आम्ही पाच ताटं वाढून आणली. टिंग, टिंग, टिंग, टिंग, आणि पाकिटातून काढलेल्या पट्ट्याचा पाचवा टिंग. माझं मेसवालीचं डोकं तेवढ्यातही चालूच होतं. पनीरच्या भाजीत टोमॅटो कमी, रंग जास्त. पुऱ्या चांगल्या फुगलेल्या. नूडल्स कशाला हव्या होत्या कोणास ठाऊक. गुलाबजाम लहान, पण दोन. मी जावयाचं ताट स्वतः वाढलं, मीठ डावीकडे, भाजी उजवीकडे, मेसमध्ये कधी वाढत नाही तसं.

आणि मग आम्ही बसलो. पाच भरली ताटं, चार माणसं, एक रिकामी खुर्ची.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आजूबाजूची टेबलं जेवून उठली. जाणारा प्रत्येक जण आमच्याकडे बघून जायचा. एका बाईंनी जवळ येऊन विचारलं, "काही झालंय का? केस निघाला का अन्नात?" एका लहान मुलीनं आईला विचारलं, "ते फोटो काढायला बसलेत का?" पुऱ्या खाली बसल्या. आईस्क्रीमचं दूध झालं. आबांनी डोळे मिटले होते, पण नाक जागं होतं. मध्येच त्यांचा हात आपोआप पुरीकडे गेला. मी "आबा" म्हटलं आणि हात आपोआप परत आला.

"आबा, तुम्ही म्हातारं माणूस, तुम्ही खा," हे म्हणाले.

"मी शब्द दिलाय."

"कुणाला? भजीवाल्याला?"

अडीच वाजले. मशिनचा दिवा विझला. कामगार पातेली उचलायला लागले, पंखे बंद झाले. तेव्हा कोमल आमच्याकडे आली. मला वाटलं, उठा म्हणेल. तिनं विचारलं, "अजून न्हाई आले जावई?" आणि आमच्या डोक्यावरचा एक पंखा चालू केला. मग कामगारांतलं एकेक जण येऊन चौकशी करून गेलं. कुठल्या कंपनीत, कुठली पाळी, पहिलाच धोंडा का. त्यातल्या एकाचा मेव्हणाही कुरकुंभलाच निघाला, त्यानं तर फोनवर प्लांटची बातमीही काढून आणली. "सुटले म्हणं. गाडीला किक मारली."

साडेतीनला अमोलराव आले. हेल्मेटचे वळ कपाळावर, डोळे तांबडे, शर्टाला औषधासारखा उग्र वास. आधी लॉकरपाशी वाण दिलं. दिवा लावायला बंदी, म्हणून ऋतूनं मोबाइलचा टॉर्च लावून तामणात ठेवला आणि मी त्या टॉर्चनं जावयाला ओवाळलं. पोपटवाल्या चड्डीतल्या आबांनी कुंकू लावलं. मागून रखवालदार बघत होता. "यही जमाई है?" त्यानं विचारलं, आणि अमोलरावांना सलाम ठोकला.

मग त्यांना हॉलमध्ये आणून खुर्चीवर बसवलं. त्यांनी ताट पाहिलं. मग आमची ताटं पाहिली. आणि त्यांचा चेहरा पडला.

"मामी, तुम्ही जेवला न्हाई?"

"तुमच्या आधी कसं जेवणार?"

ते खाली बघायला लागले. "मला वाटलं, पट्ट्याची वेळ हाय, तुम्ही जेवून घेतलं असंल. डबल पाळीवाल्याला कंपनी कॅन्टीनमधनं ताट देती. साहेबांनी समोर आणून ठेवलं... मी जेवलो."

मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांनी येणारा दिवस आणि माझा जावई कॅन्टीनच्या स्टीलच्या ताटात जेवून आला होता.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. "म्हंजी जावई जेवला?"

"व्हय, आबा."

"आपल्या आधी जेवला?"

"व्हय."

"मग मान झाला की! आता कशाला थांबायचं?" आणि आबांनी एका घासात अख्खी पुरी तोंडात घातली. त्या पुरीच्या मागून दुसरी. कोमल हसून हसून भिंतीला टेकली. हेही जेवायला लागले. ऋतू हसत होती आणि माझा खांदा धरून बसली होती.

पण अमोलराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी ताट पुढं ओढलं. "मामी, ते कंपनीचं झालं. हे जेवण राहिलंय." आणि गार पुरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

ते जेवत होते. हे पाहून ह्यांना बरं वाटलं, ऋतूला बरं वाटलं. पण मी वर्षानुवर्षं माणसं जेवताना पाहिलीत. पोट भरलेल्या माणसाचा घास मला लांबून ओळखू येतो. तो एकच घास फार वेळ चावतो, पाण्याचा ग्लास सारखा उचलतो, आणि ताटात नसलेल्या जागी बघतो. अमोलरावांनी रात्रपाळी केली होती, दिवसपाळी केली होती, आणि आता माझ्यासाठी ही तिसरी पाळी चालू होती. गुलाबजाम उचलताना त्यांचे डोळे मिटत होते.

मी उठले आणि त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं.

आबांचा घास हातातच राहिला. जावयाला अर्ध्या ताटावरून उठवणारी सासू त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मीही नव्हती पाहिली.

"उठा, अमोलराव," मी म्हटलं. "तिकडं भिंतीशी बाक आहे. झोपा."

"मामी, मान..."

"झाला मान. झोपा."

ते मुकाट्यानं उठले आणि बाकावर आडवे झाले ते आम्ही निघेपर्यंत हलले नाहीत. कोमलनं त्यांच्या बाजूचे दिवे बंद केले. संध्याकाळचा चहा, बिस्किटं, सगळं त्यांच्या पट्ट्यावरचं बुडालं. त्यांच्या वाट्याचे पैसे काही वसूल झाले नाहीत आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटलं नाही.

ऋतूनं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. माझं ताट माझ्यापुढं सरकवलं, त्यातल्या त्यात बऱ्या पुऱ्या वर काढून ठेवल्या आणि स्वतः समोर बसून बघत राहिली. मी पहिला घास घेतला. भाजीत मीठ कमी होतं. आचाऱ्याला जाऊन सांगावं म्हणून मी उठणार होते. पण ऋतू अशी बघत होती की मी बसून राहिले, आणि सगळं ताट जेवले.